वाचकांचे प्रश्न : ‘तरुण अबशालोम सुखरूप आहे ना?’

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातील दावीद राजा आणि त्याचा बंडखोर मुलगा अबशालोम यांची कथा मी अलीकडे मराठीत वाचली. मुलगा बापाविरुद्ध उठतो, लढाईत मारला जातो आणि लढाई जिंकलेला बाप धाय मोकलून रडतो, एवढे कथानक समजले. परंतु याच अबशालोमाने आपल्या भावाचा खून केलेला आहे आणि बापाला राजधानी सोडून पळायला लावलेले आहे. अशा माणसाच्या मृत्यूवर वाचकाने हळहळावे, अशी लेखकाची अपेक्षा आहे काय? आपल्या परिभाषेत विचारायचे तर या कथेचा रस कोणता मानावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : करुण रस हे उत्तर चुकीचे ठरणार नाही, पण तेवढ्याने या कथेचे मर्म हाती लागत नाही. करुणरसप्रधान कथेत शोक करणाऱ्याला शोक करण्याचा हक्क असतो. भोवतालची माणसे त्याच्यासोबत रडतात, वाचकही रडतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील या कथेत मात्र शोकाला कोठेच जागा नाही. ज्याच्यासाठी रडायचे तो राजद्रोही आहे, ज्यांच्यासमोर रडायचे त्यांनी त्याच दिवशी राजासाठी आपला जीव धोक्यात घातला आहे, आणि ज्याने रडायचे त्याच्या स्वतःच्या वागण्यातूनच हा प्रसंग ओढवला आहे. माझ्या मते या कथेची भाववृत्ती आहे ती अशा पोरक्या शोकाची, ज्याला कोणी वाटेकरी नाही आणि जो करणाऱ्यालाही पुरता परवडणारा नाही. आपण विचारता की वाचकाने हळहळावे काय. लेखक आपल्याला तशी आज्ञा कोठेही करत नाही. अबशालोमाची बाजू घेऊन तो एक शब्दही बोलत नाही. तो आपल्याला केवळ वेशीच्या दरवाजात वाट पाहत बसलेल्या बापाशेजारी नेऊन बसवतो, आणि तेथून आपल्यालाही उठता येत नाही.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दावीदाने आपल्या सैन्यातील उरीयाच्या पत्नीचा, बथशेबाचा, उपभोग घेतला आणि उरीयाला रणात मारवले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने ‘तुझ्या घरातून तलवार कधीच दूर होणार नाही’ असे त्याला बजावले होते. पुढे दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद फार संतापला, असे कथा सांगते, आणि त्याने पुढे काय केले याबद्दल काहीच सांगत नाही, कारण त्याने काही केलेच नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षे गप्प राहिला, मग मेंढरांची लोकर कातरण्याच्या मेजवानीत त्याने अम्नोनाला ठार करवले आणि तो आपल्या आजोळी, गशूरला, पळून गेला. तेथे तो तीन वर्षे होता. सेनापती योवाबाने मध्यस्थी करून त्याला यरुशलेमेत परत आणवले, पण बापाने आणखी दोन वर्षे त्याचे तोंड पाहिले नाही.

अखेर भेट होते, ती चौदाव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीत. या भेटीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. अबशालोम राजाकडे आला, त्याने राजापुढे भूमीपर्यंत लवून नमन केले आणि राजाने अबशालोमाचे चुंबन घेतले, एवढेच तेथे आहे. दावीद हे नाव त्या ओळीत नाही, बाप हा शब्द नाही, दोघांपैकी कोणाच्या तोंडी एक वाक्य नाही, अश्रू नाहीत. मुलगा पाच वर्षांनी बापासमोर उभा आहे आणि निवेदक पुन्हा पुन्हा ‘राजा’ म्हणतो. पंधरावा अध्याय उघडताच अबशालोम वेशीच्या वाटेवर उभा राहून न्याय मागायला येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरतो आणि त्याचे चुंबन घेतो. बापाकडून जे एकदाच आणि औपचारिकपणे मिळाले ते तो आता गावभर वाटत सुटला आहे, असे मला ही दोन दृश्ये लागोपाठ वाचताना वाटते. लेखक तसे म्हणत नाही. दोन प्रसंग शेजारी ठेवून तो पुढे जातो. त्याची सारी कला या शेजारात आहे.

बंडाची वार्ता येताच दावीद यरुशलेम सोडतो. किद्रोन ओढा ओलांडून तो जैतुनांचा डोंगर चढतो, डोके झाकलेले, पाय अनवाणी, आणि चढता चढता रडतो. वाटेत आधीचा राजा शौल याच्या बन्यामीन वंशातील घराण्यातला शिमी त्याला शिव्या देतो, दगड मारतो. सोबतचा अबीशय त्याचे डोके उडवायला निघतो तेव्हा दावीद त्याला अडवून म्हणतो की माझ्या पोटचा मुलगाच माझ्या जिवावर उठला आहे, तेथे या बन्यामिनी माणसाचे काय! यार्देन नदीपलीकडे महनाईम येथे त्याला आसरा मिळतो आणि तेथे तो सैन्याच्या तीन तुकड्या करून योवाब, अबीशय आणि इत्तय यांच्या हाती देतो. स्वतः लढायला जाण्याची त्याची इच्छा असते, पण लोक म्हणतात, आपण आमच्यासारख्या दहा हजारांच्या ठिकाणी आहात, येथेच थांबा. मग राजा वेशीजवळ उभा राहतो, शेकडोंनी आणि हजारोंनी सैन्य त्याच्यासमोरून बाहेर पडते, आणि तो तिन्ही सेनापतींना एकच आज्ञा देतो : माझ्यासाठी त्या तरुण अबशालोमाशी सौम्यपणे वागा. सगळ्या सैन्याने ही आज्ञा ऐकली, हे निवेदक आवर्जून नोंदवतो. ज्या शत्रूला मारण्यासाठी आपण जीव पणाला लावणार आहोत त्यालाच जपण्यास आपला राजा सांगतो आहे, हे ऐकून त्या सैनिकांना काय वाटले असेल, ते मात्र लिहिलेले नाही.

लढाई लेखकाने झटपट उरकली आहे. एफ्राईमच्या अरण्यात वीस हजार पडले आणि तलवारीपेक्षा रानानेच अधिक माणसे खाल्ली, एवढे सांगून तो अबशालोमाकडे वळतो. खेचरावर बसून जाताना त्याचे डोके मोठ्या वृक्षाच्या दाट फांद्यांत अडकते, खेचर निघून जाते आणि तो आकाश व पृथ्वी यांच्यामध्ये लटकत राहतो. ज्या सैनिकाने त्याला तसे पाहिले तो योवाबाला सांगतो की चांदीचे हजार तुकडे हाती पडले तरी मी राजपुत्रावर हात टाकणार नाही, कारण राजाची आज्ञा आम्ही ऐकली आहे. योवाब वाद घालत बसत नाही. तीन भाले घेऊन तो ते अबशालोमाच्या छातीत खुपसतो, त्याचे दहा शस्त्रवाहक उरलेले काम पुरे करतात, प्रेत रानातल्या मोठ्या खड्ड्यात टाकून त्यावर दगडांची रास रचली जाते.

आणि मग, जेथे दुसऱ्या एखाद्या कवीने घाई केली असती तेथे, हा लेखक संथ होतो. सादोक याजकाचा मुलगा अहीमास योवाबाकडे हट्ट धरतो की विजयाची बातमी मी घेऊन जातो. योवाब त्याला थांबवतो. आज नको, राजाचा मुलगा मेला आहे. तो एका कूशी माणसाला, म्हणजे परदेशी दूताला, पाठवतो. अहीमास तरीही ऐकत नाही आणि नदीकाठच्या सपाटीची वाट धरून कूशीच्या पुढे निघून जातो. इकडे दावीद वेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या दरवाजांमध्ये बसलेला आहे. पहारेकरी वर छपरावर चढतो आणि ओरडून सांगतो, एक माणूस एकटाच धावत येत आहे. राजा म्हणतो, एकटा असेल तर बातमी चांगली आहे. पराभूत सैन्य घोळक्याने पळत येते, हे त्या उत्तरामागचे गणित. पहारेकरी पुन्हा ओरडतो, आणखी एक जण एकटाच येत आहे. राजा म्हणतो, तोही चांगलीच बातमी आणत असेल. पहारेकरी म्हणतो, पहिल्याचे धावणे मला अहीमासासारखे वाटते. राजा म्हणतो, तो भला माणूस आहे, तो चांगलीच बातमी आणणार.

हे तिन्ही प्रतिसाद पुन्हा एकदा वाचून पाहावेत. तर्क क्रमाने ढिला होत गेला आहे. पहिल्यात युद्धाचा अनुभव आहे, दुसऱ्यात केवळ आशा आहे, आणि तिसऱ्यात धावणाऱ्याच्या भलेपणावरून बातमीचा भलेपणा काढणारा, घाबरलेला बाप आहे. त्याला भीती वाटत होती असे कोठेही लिहिलेले नाही. इस्पितळाच्या दारात डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत उभ्या असलेल्या कोणाही माणसाला ही मनःस्थिती ओळखीची वाटेल.

अहीमास ‘सर्व कुशल आहे’ म्हणत दंडवत घालतो आणि विजय सांगतो. राजा विजयाबद्दल एक शब्दही बोलत नाही. तो विचारतो, ‘तरुण अबशालोम सुखरूप आहे ना?’ अहीमासाला खरे ठाऊक आहे, पण त्याचा धीर सुटतो. मोठी धांदल दिसली, काय झाले ते कळले नाही, असे तो म्हणतो. ‘बाजूला हो, येथे उभा राहा,’ एवढेच राजा म्हणतो आणि तो बाजूला होऊन उभा राहतो. कूशी येतो, तोही विजय सांगतो. पुन्हा तोच प्रश्न : ‘तरुण अबशालोम सुखरूप आहे ना?’ आणि कूशी दरबारी रीतीने, जणू शुभेच्छाच द्यावी तसे उत्तर देतो : माझ्या स्वामीराजांच्या सर्व शत्रूंची गत त्या तरुणासारखी होवो.

त्यानंतरचे वाक्य हेच या कथेचे हृदय आहे. राजा हादरला, वेशीवरच्या खोलीकडे चढू लागला आणि चढता चढता म्हणत गेला : माझ्या पुत्रा, अबशालोमा! माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा, अबशालोमा! तुझ्याऐवजी मीच मेलो असतो तर किती बरे झाले असते! अबशालोमा, माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा!

सैन्याला आज्ञा देताना आणि दोन्ही दूतांना विचारताना तो ‘तरुण अबशालोम’ म्हणत होता. राजाने बंडखोराचा उल्लेख करावा तसा अंतर राखून. मुलगा गेल्यावर ‘माझा पुत्र’ एका दमात पाचदा येतो. आणखी एक गोष्ट मला दर वाचनात अस्वस्थ करते. दावीद हा इस्राएलाचा कवी आहे. शौल आणि त्याचा मुलगा योनाथान पडले तेव्हा त्याने ‘शूर कसे पडले!’ हे ध्रुपद असलेले सुघड विलापगीत रचले, ते याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. शौलाचा सेनापती अबनेर मारला गेला तेव्हाही त्याच्या थडग्याशी त्याने शोककाव्य म्हटले. बथशेबेचे तान्हे मूल आजारी असताना तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला, आणि ते गेल्यावर उठला, स्नान केले, जेवला. मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही, असे त्याने शांतपणे सेवकांना सांगितले. प्रत्येक मरणासाठी या माणसाजवळ शब्द होते. या एका मरणापुढे कवीजवळ एक नाव आणि एक नाते एवढेच उरले, आणि ते दोनच शब्द आलटूनपालटून म्हणत तो जिना चढतो आहे. शोकाची उपमा नाही, वर्णन नाही. पुत्रशोक म्हटला की आपल्याला धृतराष्ट्र आठवतो; पण धृतराष्ट्राच्या शोकाला भीमाचा लोखंडी पुतळा तरी चिरडायला मिळाला. दावीदाचा शोक कोणावरही धावून जात नाही. ‘तुझ्याऐवजी मी’ या शब्दांत तो स्वतःकडेच वळतो, कारण ‘तू मरणार नाहीस’ हे नाथानाचे अभयवचन त्याने पापाची कबुली दिली त्या दिवशी त्याला मिळालेले होते, आणि तेव्हापासून त्या घरात मरत आली ती त्याची मुले.

प्रश्न : योवाबाने राजाज्ञा मोडली, हे खरे. पण रडणाऱ्या राजाला त्याने जे खडे बोल सुनावले ते मला पटले. राजाने राज्याचा विचार करावयास नको काय? लेखकाची सहानुभूती नेमकी कोणाकडे आहे?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपल्याला योवाबाचे बोलणे पटले, हे लेखकाचेच यश आहे. एकोणिसाव्या अध्यायात त्या दिवसाचा विजय सर्व लोकांसाठी शोकात बदलतो आणि रणातून पळून आलेले लोक लाजेने चोरपावलांनी शिरावेत तसे विजयी सैनिक शहरात शिरतात. राजा तोंड झाकून मोठ्याने रडतो आहे. ‘माझ्या पुत्रा’ ही हाक आणखी तीनदा ऐकू येते. अशा वेळी योवाब आत जाऊन सांगतो की ज्यांनी आज आपला, आपल्या मुलाबाळांचा आणि बायकांचा जीव वाचवला त्यांची तोंडे आपण काळी केलीत. जे आपला द्वेष करतात त्यांच्यावर आपण प्रेम करता आणि जे प्रेम करतात त्यांचा द्वेष करता. अबशालोम जिवंत असता आणि आम्ही सगळे मेलो असतो तर आपल्याला बरे वाटले असते. ऊठा, बाहेर जा, लोकांशी मायेने बोला. नाहीतर आज रात्री आपल्यापाशी एकही माणूस राहणार नाही.

यातले एकही वाक्य खोटे म्हणता येत नाही. आणि तरीही हे वाक्य उच्चारणारा तोच माणूस आहे ज्याने काही तासांपूर्वी त्या मुलाच्या छातीत भाले खुपसले. बरोबर असलेली गोष्ट ज्याने बोलू नये त्याच्याच तोंडून यावी, ही या प्रसंगाची वेदना आहे. सहानुभूती कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर लेखक देत नाही, आणि ते त्याने टाळले आहे असेही मला वाटत नाही. दोघेही खरे आहेत हेच त्याला दाखवायचे आहे. दावीद योवाबाला उत्तर देत नाही. राजा उठला आणि वेशीत जाऊन बसला, एवढीच ओळ आहे. तो काय बोलला, त्याचे डोळे कसे होते, काहीच नाही. सैनिकांनी राजा वेशीत बसल्याचे ऐकले आणि ते त्याच्यासमोर आले. त्या क्षणी राज्य वाचले, आणि बापाचा शोक तेथेच तोडला गेला; तो पूर्ण झाला असे कथा कोठेही म्हणत नाही.

त्याचा पुढचा माग मात्र सापडतो. थोड्याच दिवसांत दावीद योवाबाला दूर करून अमासाला, म्हणजे अबशालोमाच्याच सेनापतीला, त्याच्या जागी नेमतो. योवाब अमासालाही ठार करतो. पुढे मरणशय्येवर दावीद आपला मुलगा शलमोन याला सांगतो की योवाबाचे पिकले केस शांतीने अधोलोकात उतरू देऊ नकोस, आणि कारणे मोजतो : अबनेराचा खून आणि अमासाचा खून. अबशालोमाचा वध त्या यादीत नाही. त्याच बोलण्यात पुढे ‘तुझा भाऊ अबशालोम याच्यापुढून मी पळत होतो तेव्हा’ ज्यांनी अन्न दिले त्या बर्जिल्लयाच्या मुलांवर दया कर, असे तो सांगतो, म्हणजे नाव त्याच्या मनात आहे. शासन म्हणून तो वध न्याय्य होता हे राजाला मान्य असावे, म्हणून तो आरोपात बसत नाही. आणि बापाला तो विसरता येत नाही. असा अर्थ मी लावतो. आपण राजाने राज्याचा विचार करावा असे म्हणता, आणि दावीदाने अखेरपर्यंत तो केला. त्याची किंमत किती होती, ते या न उच्चारलेल्या तिसऱ्या कारणावरून मला कळते.

प्रश्न : यहुदी परंपरेने या शोकाकडे कसे पाहिले? आमच्या वाचन मंडळात ही कथा वाचावयाची असल्यास कोठून आरंभ करावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : परंपरेत दोन प्रवाह दिसतात. अबशालोमाबद्दल तिरस्कार हा एक. यरुशलेमेत किद्रोनच्या दरीत खडकातून कोरलेली एक उंच कबर ‘अबशालोमाचा स्तंभ’ या नावाने ओळखली जाते. ती कथेतल्या काळानंतर कित्येक शतकांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, कोरलेली आहे. तरीही येणारेजाणारे तिच्यावर दगड मारीत आणि हट्टी मुलांना तेथे आणून बापाविरुद्ध उठणाऱ्याची गत दाखवीत. दुसरा प्रवाह दावीदाच्या हाकेचा. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या प्राचीन ग्रंथातील ऋषींनी ‘माझ्या पुत्रा’ हे संबोधन एकूण आठ वेळा आले आहे हे मोजले आणि सांगितले की सात हाकांनी दावीदाने मुलाला नरकाच्या सात थरांतून एकेक पायरी वर काढले. आठव्या हाकेने काय साधले याविषयी मते नोंदवलेली आहेत, त्यांतल्या एका मताप्रमाणे तिने त्याला परलोकात पोचवले. बायबलच्या स्तोत्रसंग्रहातील तिसऱ्या स्तोत्राच्या शिरोलेखात ते दावीदाने अबशालोमापासून पळताना गायिले असे म्हटले आहे, आणि त्यावर तालमूद विचारतो की येथे विलाप हवा होता, स्तोत्र कसे? उत्तर असे दिले आहे की घरातूनच संकट उठेल हे ऐकल्यापासून दावीदाला धास्ती होती की शत्रू कोणी निर्दय दास असेल. तो आपला मुलगा आहे हे कळल्यावर त्याला हायसे वाटले, कारण मुलाला बापाची दया येते. वेशीतल्या त्या दोन प्रश्नांवर याहून मार्मिक भाष्य माझ्या वाचनात नाही.

मराठीत या कथासाहित्याला स्वतःचे घरही आहे. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचून गायिली. कीर्तनकार भाव फुलवतो, पदातून आळवतो. मूळ हिब्रू निवेदक तो दाबून धरतो. मंडळात वाचताना म्हणून अभिनय कमीत कमी ठेवावा, असे मी सुचवीन. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे अकरा ते एकोणीस हे अध्याय सलग घ्यावेत. तेवढा वेळ नसेल तर तेरावा, चौदाव्याचा शेवट आणि अठराव्यापासून एकोणिसाव्याच्या आठव्या ओवीपर्यंतचा भाग घ्यावा, पण तेरावा गाळू नये. तामारेवर झालेला अन्याय आणि त्यापुढचे बापाचे गप्प राहणे न ऐकता अठरावा अध्याय वाचला, तर ऐकणाऱ्याला एका दुःखी राजाची गोष्ट मिळते. तेरावा ऐकून मग वाचला, तर तो राजा ‘तुझ्याऐवजी मी’ असे का म्हणतो ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. पहारेकऱ्याचे, राजाचे आणि दोन्ही दूतांचे संवाद चार वेगळ्या आवाजांत वाचावेत, आणि राजाचा प्रश्न दोन्ही वेळा अगदी एकाच स्वरात यावा.